गावात साखर तपासायला जाण्यापूर्वी

(विहाराच्या वर्धापनदिनानिमित्त झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



आपल्या विहारातल्या तरुणांनी एक ठराव केला आहे. येत्या भीमजयंतीला डीजेचा खर्च कमी करायचा आणि त्या पैशातून आजूबाजूच्या चार गावांत जाऊन लोकांच्या रक्तातली साखर मोफत तपासायची. ठराव ऐकून मला मनापासून आनंद झाला. त्याच मुलांनी मला विचारलं, "काका, तुम्ही प्रयोगशाळेत नोकरी केली, आम्हाला सांगा, काय काय घेऊन जायचं?" आता, काय घेऊन जायचं हा प्रश्न सोपा आहे. यंत्र घ्या, पट्ट्या घ्या, सुया घ्या, झालं. पण साखर निघाली त्या माणसाचं पुढं काय करायचं, हा खरा प्रश्न आहे. आज मी त्याच प्रश्नावर बोलणार आहे.

प्रथम बाबासाहेबांविषयी दोन शब्द. परमपूज्य बाबासाहेबांना मधुमेह होता, हे आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक आहे. १५ एप्रिल १९४८ रोजी त्यांचा विवाह डॉ. शारदा कबीर म्हणजे माईसाहेबांशी झाला. त्या स्वतः डॉक्टर होत्या. पथ्यपाणी, औषधे, इन्शुलिन हे सारे त्या घरात रोजचे होते. शेवटच्या वर्षांत पायांच्या वेदना होत्या, दृष्टी मंदावली होती. अशा शरीराने त्यांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात आपल्याला धम्म दिला, 'बुद्ध आणि त्याचा धम्म' हा ग्रंथ लिहून पुरा केला, आणि ६ डिसेंबर १९५६ रोजी ते आपल्यातून गेले. वय अवघे पासष्ट. बोटाला सुई टोचून पाच सेकंदांत साखर सांगणारे यंत्र त्या काळी नव्हतेच. लघवी निळ्या द्रावणात उकळायची आणि रंग निळा राहतो, हिरवा होतो की विटकरी, यावरून अंदाज बांधायचा, अशी ती रीत होती. आज आपल्या हातात जे साधन आहे ते त्यांच्या वाट्याला आले नाही. म्हणून ते साधन आपण नीट वापरले पाहिजे.

आता पहिली गैरसमजूत. मधुमेह हा श्रीमंतांचा, शहरातल्या बसून खाणाऱ्यांचा रोग, असे अजूनही लोक म्हणतात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने देशभर केलेल्या पाहणीचे आकडे २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यात एक लाख तेरा हजारांहून अधिक लोक तपासले होते आणि त्यांतले सुमारे ऐंशी हजार खेड्यांतले होते. निष्कर्ष असा की देशात दहा कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे, आणि साडेतेरा कोटींच्या आसपास लोक त्याच्या उंबरठ्यावर उभे आहेत. शहरात शंभर प्रौढांमागे सोळा, आणि खेड्यात शंभरामागे जवळजवळ नऊ. म्हणजे हजार प्रौढांच्या गावात नव्वद माणसं. ती कोण, हे पुष्कळदा त्यांनाही माहीत नसतं. तहान लागते, रात्री लघवीला उठावं लागतं, पायाला मुंग्या येतात. माणूस म्हणतो, उन्हातान्हाचं काम आहे, वय झालं. आणि मग एक दिवस पायाला काटा लागतो, जखम चिघळते, आणि दवाखान्यात गेल्यावर कळतं.

दुसरी गैरसमजूत, "मी एवढा काटकुळा, मला कुठली शुगर?" याचे उत्तर आपल्या महाराष्ट्रातच शोधले गेले आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ सालापासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या गर्भवती मातांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास सुरू केला. त्यांना असे आढळले की आपल्याकडची बाळे जन्मतः वजनाने लहान असतात, हातापायांवर मांस कमी असते, पण अंगातली चरबी त्या मानाने जास्त असते. दिसायला बारीक, आतून मात्र चरबी राखून असलेले शरीर. पोटात असताना उपासमार आणि पुढे मोठेपणी थोडी सुबत्ता आली, की अशा शरीराला मधुमेह लवकर गाठतो. बंधूंनो, ज्यांच्या आज्या-पणज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या उष्ट्यावर आणि अर्ध्या भाकरीवर दिवस काढले, त्या समाजाने ही गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. पोटावर टेप लावून बघा. पुरुषाची कंबर नव्वद सेंटिमीटर आणि बाईची ऐंशी सेंटिमीटर याच्या वर गेली की सावध व्हायचं. मग हातपाय कितीही बारीक असोत.

भगवान बुद्धांनी चार आर्यसत्ये सांगितली. दुःख आहे, दुःखाला कारण आहे, दुःखाचा निरोध होऊ शकतो, आणि निरोधाचा मार्ग आहे. वैद्याचीही हीच रीत असते. रोग ओळखायचा, कारण शोधायचं, बरा होईल की नाही ते पाहायचं आणि उपचार करायचा. पण चारपैकी पहिल्या सत्यावरच थांबलो तर? "तुला दुःख आहे" एवढं सांगून निघून आलो तर? आपली बरीच आरोग्य शिबिरे नेमकी तिथंच थांबतात. फोटो निघतो, बॅनर खाली उतरतो, आणि चिठ्ठीवर '२४०' लिहिलेला माणूस घरी जाऊन ती चिठ्ठी फोटोच्या चौकटीमागे खोचून ठेवतो.

आता तपासण्यांकडे वळू. हे जरा लक्ष देऊन ऐका, कारण शिबिरात याच गोष्टी उपयोगी पडतील.

लघवीची तपासणी आज शोधासाठी वापरत नाहीत. रक्तातली साखर साधारण १८० च्या वर गेल्याशिवाय ती लघवीत उतरत नाही. तोवर पुष्कळ रोगी निसटून जातात.

बोटाच्या थेंबाची तपासणी म्हणजे ग्लुकोमीटर. गावात हीच सोयीची. पण तिची काही पथ्ये आहेत. हात साबणाने धुवून कोरडे केले पाहिजेत. गुळाचा चहा सांडलेलं, आंबा खाल्लेलं बोट टोचलं तर यंत्र बोटावरची साखर सांगतं. पट्ट्यांची डबी उघडी ठेवायची नाही. डबीवर तापमान छापलेलं असतं, बहुधा तीस अंशांपर्यंत. आपल्या विदर्भातल्या एप्रिलमध्ये मोटारसायकलच्या डिकीत ठेवलेली डबी दुपारपर्यंत कामातून जाते. आणि सर्वांत महत्त्वाचे, प्रत्येक माणसाला नवी सुई. एकच टोचणी दुसऱ्याला लावली तर साखर शोधायला जाऊन कावीळ किंवा एचआयव्ही देऊन याल. वापरलेल्या सुयांसाठी जाड प्लास्टिकचा डबा न्यायचा आणि तो प्राथमिक आरोग्य केंद्रात जमा करायचा. गावाच्या उकिरड्यावर एकही सुई पडता कामा नये. तो उकिरडा शेवटी आपलीच माणसं उपसतात, हे विसरू नका.

ग्लुकोमीटरचा आकडा हा इशारा असतो. नियमाप्रमाणे चांगल्या यंत्रालासुद्धा शंभराच्या वरच्या आकड्यात पंधरा टक्के इकडे-तिकडे होण्याची मुभा आहे. म्हणून शिरेतले रक्त घेऊन खात्री करावी लागते. रात्रभर उपाशी राहून सकाळी साखर १२६ किंवा जास्त, अथवा पंचाहत्तर ग्रॅम ग्लुकोज पाण्यात पिऊन दोन तासांनी २०० किंवा जास्त, याला मधुमेह म्हणतात. अंगात लक्षणे नसतील तर एकदा आलेल्या आकड्यावर शिक्का मारायचा नाही, दुसऱ्यांदा तपासायचे. शिरेतल्या रक्ताचीही एक गंमत आहे. ते नुसतं ठेवलं तर पेशी त्यातली साखर खात राहतात आणि तासाला पाच-सात टक्के साखर कमी होत जाते. गावात नऊला घेतलेलं रक्त तालुक्याला दुपारी दोनला पोचलं तर रोगी निरोगी ठरू शकतो. म्हणून राखाडी बुचाची नळी वापरतात, ती थंड ठेवतात, आणि शक्य तितक्या लवकर पोचवतात.

तिसरी तपासणी म्हणजे एचबीए१सी. लोक तिला 'तीन महिन्यांची शुगर' म्हणतात. ६.५ टक्के किंवा जास्त म्हणजे मधुमेह. उपाशी राहावं लागत नाही, दिवसात केव्हाही रक्त घेता येतं. मग गावासाठी हीच उत्तम नाही का? खर्च कित्येक पट जास्त, हे एक. पण आपल्यासाठी त्याहून मोठी अडचण दुसरीच आहे.

ही तपासणी साखर थेट मोजत नाही. तांबड्या पेशीतल्या हिमोग्लोबिनला किती साखर चिकटली हे ती मोजते. तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते, तेवढ्या काळाचा हिशेब तिच्या अंगावर लिहिला जातो. पण पेशीच लवकर मेली तर? सिकलसेलच्या रुग्णाची पेशी दहा-वीस दिवसांतच मोडते. तिला साखर चिकटायला वेळच मिळत नाही. साखर वाढलेली असूनही आकडा कमी येतो, आणि माणूस "माझं नॉर्मल आहे" म्हणून घरी जातो. १९५८ सालीच डॉ. शुक्ला आणि डॉ. सोळंकी यांनी मध्य भारतातल्या लोकांत सिकलसेल असल्याचे दाखवून दिले होते. विदर्भातल्या आपल्या बौद्ध समाजात आणि आदिवासी समाजात तो बऱ्याच प्रमाणात आहे, इतर समाजांतही आहे. ज्यांच्यात नुसता वाहक गुण आहे, म्हणजे ज्यांना 'एएस' म्हणतात, ते आजारी नसतात. तरीही २०१७ साली अमेरिकेत काळ्या लोकांवर झालेल्या अभ्यासात असे दिसले की साखर सारखीच असताना वाहकांचा एचबीए१सी सुमारे ०.३ टक्क्याने कमी येतो. उंबरठ्यावरच्या माणसासाठी एवढा फरक पुरेसा आहे.

उलट, लोह कमी पडून झालेल्या रक्तक्षयात हा आकडा खोटा वाढतो. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय पाहणीत देशातल्या दर शंभर स्त्रियांपैकी सत्तावन्न जणींचे रक्त कमी आढळले. म्हणजे आपल्या घरातली मावशी, काकू, सून, यांच्या बाबतीत चुकून भीती घातली जाण्याचा संभव. आणि रक्त पातळ असलेल्या माणसाचा ग्लुकोमीटरसुद्धा थोडा चढा आकडा दाखवतो. तेव्हा माझा आग्रह असा की आपल्या शिबिरात प्रत्येकाला विचारायचेच, "सिकलसेलची तपासणी झाली आहे का? कार्ड आहे का? रक्त कमी सांगितलंय का? अलीकडे रक्त चढवलंय का?" उत्तर 'हो' असेल तर चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात लिहायचे आणि त्या माणसाची खात्री उपाशीपोटीच्या आणि ग्लुकोज पिऊन केलेल्या तपासणीनेच करा, असे डॉक्टरांना कळवायचे. हा समाजाचा कमीपणा नाही. आपल्या रक्ताची आपल्याला असलेली माहिती आहे, आणि ती लपवण्यासारखी अजिबात नाही. १ जुलै २०२३ पासून सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीमच सुरू झाली आहे.

आता एक साधा हिशेब मांडतो. समजा, गावात हजार प्रौढ आहेत आणि नव्वद जणांना मधुमेह आहे. समजा, आपली बोटाची तपासणी शंभरातल्या ऐंशी रोग्यांना बरोबर पकडते आणि शंभर निरोग्यांतल्या दहांना चुकून पकडते. मग नव्वदपैकी बहात्तर सापडले, अठरा सुटले. आणि नऊशे दहा निरोग्यांपैकी एक्याण्णव विनाकारण पकडले गेले. एकूण १६३ चिठ्ठ्या निघाल्या आणि त्यांतल्या निम्म्याहून अधिक माणसांना रोगच नाही! हे आकडे मी समजावण्यासाठी धरले आहेत, पण धडा खरा आहे. "तुला शुगर आहे" असे शिबिरात कुणालाही सांगायचे नाही. "तुमची पुढची तपासणी करायला हवी" असे सांगायचे. ज्या मुलीचं लग्न ठरायचं आहे, तिच्याबद्दल गावात एक शब्द फुटला तर त्याची भरपाई आपण करू शकत नाही. आकडा मोठ्याने ओरडायचा नाही, वही उघडी टाकायची नाही.

काही जण विचारतील, मग तपासणीचा उपयोग तरी किती? प्रामाणिकपणे सांगतो. इंग्लंडमध्ये हा प्रयोग झाला. धोका असलेल्या सोळा हजारांवर लोकांना तपासणीला बोलावले, आणि सुमारे दहा वर्षे पाहिले. २०१२ साली निष्कर्ष आला की ज्यांना बोलावले नव्हते त्यांच्या तुलनेत मृत्यूंचे प्रमाण काही कमी झाले नाही. अर्थात तिथे घरोघरी डॉक्टरची सोय आहे, रोग एरवीही लवकर सापडतो. आपल्या खेड्याची गोष्ट वेगळी आहे. तरी त्यातून एवढे शिकावे की नुसत्या सुईने कुणी वाचत नाही.

दुसरे उदाहरण आपल्या देशातले. तामिळनाडूत चुनमपेट नावाच्या गावाच्या आसपास बेचाळीस खेडी आहेत. चेन्नईचे डॉ. मोहन यांच्या संस्थेने तिथे फिरती गाडी पाठविली. सुमारे सत्तावीस हजार प्रौढांपैकी तेवीस हजारांवर लोक तपासले. पण ते तिथेच थांबले नाहीत. गावातच दवाखाना उघडला, गावातल्याच तरुणांना कामाला शिकविले, डोळ्यांची आणि पायांची तपासणी केली. वर्षभरात रोग्यांची साखर खाली आली, आणि शंभरातल्या पाचांहून कमी लोकांना मोठ्या शहरात पाठवावे लागले. जे उंबरठ्यावर असतात त्यांच्यासाठीही आशा आहे. डॉ. रामचंद्रन यांच्या २००६ सालच्या भारतीय अभ्यासात, तीन वर्षांत, नुसता सल्ला मिळालेल्या शंभरपैकी पंचावन्न लोकांना मधुमेह झाला. चालणे आणि आहार यांवर सतत लक्ष ठेवलेल्यांत तो एकोणचाळीसांना झाला. शंभरात सोळा माणसं वाचली, आणि तीही औषधाशिवाय.

मग आपण करायचे काय? माझी सूचना अशी. चार गावं सोडा, एकच गाव घ्या. पण ते वर्षभर घ्या.

जाण्याआधी तिथल्या आशाताईंना आणि उपकेंद्राच्या सिस्टरना भेटा. उपकेंद्राला आता आयुष्मान आरोग्य मंदिर असं नाव दिलं आहे. तीस वर्षांवरच्या प्रत्येकाची माहिती भरणं आणि साखर-बीपी बघणं हे त्यांचं सरकारी काम आहेच. बोटाची साखर १४० च्या वर आली की प्राथमिक आरोग्य केंद्रात खात्रीसाठी पाठवतात. आपण त्यांच्या डोक्यावर जाऊन वेगळं दुकान मांडायचं नाही, त्यांचा हात बळकट करायचा.

आधी रक्त नको, आधी चार प्रश्न. वय किती, कंबर किती, अंगमेहनत किती, आईवडिलांना मधुमेह आहे का. चेन्नईच्याच डॉक्टरांनी या चार गोष्टींवर गुण देण्याची पद्धत २००५ साली बसविली. शंभरपैकी साठ किंवा जास्त गुण म्हणजे धोका मोठा. त्यांच्यासाठी पट्ट्या आधी वापरा.

वेळ बघा. सकाळी अकराला मंडप टाकला तर पारावरचे म्हातारेच येतील. निंदणीला, मजुरीला जाणारी माणसं सहा-सातलाच घर सोडतात. तपासणी एकतर पहाटे करा, उपाशीपोटी आकडाही मिळेल, नाहीतर दिवे लागल्यावर. आणि बौद्ध वस्तीपुरतं थांबू नका, संपूर्ण गाव तपासा. रोग वस्ती विचारून येत नाही.

पैशातले निम्मे तपासणीला, निम्मे मागे ठेवा. ज्याला केंद्रात जायचे आहे त्याची मजुरी बुडते, बसभाडे लागते. मेटफॉर्मिनसारखी गोळी सरकारी केंद्रात मोफत मिळते, पण ती आणायला दर महिन्याला कोण जाणार? विहारातल्या दोन-दोन तरुणांनी दहा-दहा घरं वाटून घ्यावीत. महिन्यातून एकदा विचारायचं, "आजी, गोळी चालू आहे ना? पाय दाखवा बघू." एवढं केलं तरी पाय वाचतात.

आणि महिला मंडळाने एक काम घ्यावं. कडू रस, जडीबुटी, कुणा बाबाचा अंगारा, यांनी साखर बरी झाल्याच्या गोष्टी घराघरांत फिरतात. कालाम लोकांना तथागतांनी काय सांगितलं होतं? कुणी सांगितलं म्हणून मानू नका, अनुभवाने पारखून घ्या. तेव्हा जी बाई म्हणेल की अंगाऱ्याने माझी शुगर गेली, तिच्याशी भांडू नका. तिला सकाळी उपाशीपोटी विहारात आणा आणि तपासा. आकडा काय तो बोलेल. मात्र चालू असलेली गोळी किंवा इन्शुलिन डॉक्टरांना न विचारता कुणी बंद करू नये, हे पुन्हा पुन्हा सांगा.

विनयपिटकात एक प्रसंग आहे. एक भिक्खू आजाराने स्वतःच्या घाणीत पडला होता आणि सोबत्यांनी त्याच्याकडे पाठ फिरविली होती. तथागतांनी आनंदाला पाणी आणायला सांगितलं, स्वतः पाणी ओतलं, आनंदाने त्याला धुतलं, दोघांनी उचलून निजवलं, आणि मग संघाला विचारलं की तुम्हीच एकमेकांची काळजी घेतली नाही तर कोण घेईल? तथागत त्या भिक्खूपाशी नुसते जाऊन परतले नाहीत, त्याची काळजी घेतली. शिबिराची कसोटीही हीच धरा. किती लोक तपासले हा आकडा पुढच्या वर्षीच्या अहवालात दुसऱ्या ओळीत लिहा. पहिल्या ओळीत लिहा, ज्यांना साखर निघाली त्यांपैकी किती जण बारा महिन्यांनंतर उपचारावर आहेत.

इथून उठताना आणखी एक काम करा. ज्यांचं वय तीसच्या वर आहे त्यांनी उद्या स्वतःची साखर तपासावी, आणि ज्यांचं सिकलसेलचं कार्ड नाही त्यांनी ते करून घ्यावं. गावाला सांगायला जाणाऱ्याने आधी आपलं बोट पुढं केलेलं असावं.



नमो बुद्धाय! जय भीम!